पिवळी पावले

आईला त्या पावलांवर पाय ठेवता येईना, एवढीच खरे तर घटना आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या विमानतळावर, बहिणीकडचा तीन महिन्यांचा मुक्काम आटोपून आम्ही दोघी परत निघालो होतो. चपला, पर्स, शाल, औषधांचा डबा असे सगळे राखाडी ट्रेमध्ये घालून झाले होते आणि अनवाणी पायांना गार फरशी बोचत होती. समोर काचेचा तो उभा, गोल खोका होता. जुन्या घरातला तांब्याचा बंब कोणीतरी माणसाएवढा आणि पारदर्शक करून ठेवावा तसा. त्याच्या तळाशी काळी चटई आणि चटईवर पिवळ्या रंगाने काढलेली दोन पावले. आई आत शिरली आणि पावलांच्या अलीकडेच थबकली. साधारण माझ्या भाच्याच्या वयाचा एक तपासनीस उभा होता, त्याने बोट दाखवून सांगितले, "ऑन द फीट, मॅम." आईने पावले ओलांडून पलीकडे पाय ठेवले. त्याने पुन्हा तेच सांगितले. मग तिने दोन पावलांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाय जुळवून उभे राहून पाहिले. मागची रांग चुळबुळू लागली. तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, पावलांवर पाय कसा द्यायचा?"

भाद्रपदात आमच्या घरी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत गौरीची पावले काढतात. आईच ती काढते, आणि पुढचे तीन दिवस घरातले प्रत्येक माणूस ती चुकवत, तिरके, जरा नाचल्यासारखे चालते. चुकून एखाद्या पोराचा पाय पडलाच तर बोटे कपाळाला लावायची, हे सांगावेही लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या पायांना जमिनीवरचे चित्र चुकवायची सवय असते, ही गोष्ट त्या यंत्राच्या जुळणीत कोणी धरलेली नव्हती आणि धरावी अशी अपेक्षाही नाही. मी काचेबाहेरून म्हटले, "आई, ती देवाची नाहीत, उभी राहा." ती पुटपुटत काहीतरी म्हणाली आणि टाचा किंचित उचलून, जणू वजन न देता, त्या पावलांवर उभी राहिली. ती काय पुटपुटली ते नंतर विमानात कळले. सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला पाय लावण्याआधी म्हणायचा श्लोक होता तो. पायाच्या स्पर्शाबद्दल धरणीची क्षमा मागणारा.

मग हात वर करायला सांगितले.

लुगड्या-साडीतली बाई चारचौघांत दोन्ही हात डोक्यावर नेत नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवले. दोरीवर कपडे वाळत घालताना, फळीवरचा डबा काढताना ती एक हात वर करते आणि दुसऱ्याने पदर सावरते. दोन्ही हात लागणारच असतील तर आधी पदर कमरेला खोचते. आईने तसा तो खोचला, दुखऱ्या उजव्या खांद्यामुळे तो हात अर्ध्यावरच राहिला, आणि पोलक्याखालची पोटाची सुरकुतलेली पट्टी उघडी पडली. काचेपलीकडून दोन उभे खांब तिच्याभोवती सरकन फिरले. दीड-दोन सेकंदांत संपले ते. ती बाहेर आली तेव्हा पलीकडच्या छोट्या पडद्यावर एक राखाडी बाहुली उमटली होती; एकदा पुढून, एकदा पाठीमागून. तिला चेहरा नव्हता, साडीही नव्हती. पोटावर निऱ्यांच्या जागी एक पिवळा चौकोन होता, डाव्या कमरेवर दुसरा आणि मानेमागे, अंबाड्यापाशी, तिसरा.

निळे हातमोजे घातलेली एक धिप्पाड बाई पुढे आली आणि पाठ केल्यासारखे सांगू लागली की मी अमुक ठिकाणी हात लावणार आहे, नाजूक जागी हाताची मागची बाजू वापरीन, कुठे दुखते आहे का, आणि हवे असेल तर बंद खोलीत जाऊ. मी भाषांतर केले. आई, जी घरातसुद्धा साडी बदलताना दाराला कडी लावून वर खुर्ची टेकवते, ती ताडकन म्हणाली, "खोलीत नको. इथेच काय ते करा. तू मला दिसली पाहिजेस." तेव्हा ते तिथेच झाले, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. हातमोज्यांनी अंबाडा चाचपला, त्यातले आकडे मोजले. निऱ्यांवरून पालथे हात फिरले. डाव्या कमरेला खोचलेला रुमाल निघाला, आणि रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवलेले दोन वेलदोडे आणि एक लवंग. विमान लागू नये म्हणून. बाईंनी ते हुंगून पाहिले, हसल्या, गाठ पुन्हा मारायचा प्रयत्न केला आणि ती जमली नाही म्हणून तशीच परत दिली. शेवटी आपल्याच हातमोज्यांवरून कापडाची एक पट्टी फिरवून ती दुसऱ्या यंत्रात घातली. आईच्या अंगावरून त्यांच्या हाताला स्फोटकांचा अंश लागला आहे का, ते बघायला. नव्हता.

विमान सुटून दोनेक तास झाले असतील. दिवे मंद झाले होते, आई झोपली आहे असे मला वाटत होते. तिने डोळे न उघडता विचारले, "त्या पडद्यावरची बाहुली मी होते का गं?"

मी नाही म्हटले. ती सगळ्यांसाठी तीच असते, असेही सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही. मात्र माझे उत्तर मलाच पुरेसे वाटले नव्हते, आणि तो प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी राहिला आहे.

आमचे लहानपण साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात गेले. पाच बिऱ्हाडे, एक आड, दोन न्हाणीघरे. न्हाणीघराचे पत्र्याचे दार खालून हातभर तोकडे होते आणि कडी कित्येक वर्षांपूर्वी निखळून पडली होती. तरी माझ्या आठवणीत कोणीही कोणावर दार उघडले नाही. आत बाई असेल तर दारावर परकर किंवा टॉवेल टाकलेला असे. पुरुष असेल तर तो खाकरत, श्लोक म्हणत, बादली आपटत असे. अंगणातून जाणारे माणूस त्या बाजूला मान न वळवता जाई. ओलेत्याने घरात पळणाऱ्या बाईला पाहिले तरी पाहिलेले नसे. पुढे फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर प्रत्येक खोलीला लॅच आले आणि मग ही सगळी विद्या विसरली गेली, पण तिथे आडोसा भिंतीचा कमी आणि समोरच्याच्या नजरेचा जास्त होता, हे मला अजून आठवते. 'गोपनीयता' या शब्दाला सरकारी फायलीचा वास येतो. 'खासगीपणा' बरा आहे, पण तो इंग्रजी शिकलेल्यांच्या तोंडी. आई छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आणि तिच्याजवळ या सगळ्यासाठी एकच शब्द आहे: आडोसा. त्या शब्दात बघणारा गृहीत धरलेला असतो. निर्जन माळावर आडोशाची गरज नसते.

विमानतळावरच्या या यंत्रांची सगळी कहाणी त्या बघणाऱ्याभोवतीच फिरत आली आहे. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात उमर फारुक अब्दुलमुतल्लब या तरुणाने अंतर्वस्त्रात शिवून आणलेले स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. ते नीट पेटले नाही, सहप्रवाशांनी त्याला धरले आणि विमान उतरले. धातू शोधणाऱ्या कमानीला ते स्फोटक कळणे शक्य नव्हते, कारण त्यात धातू जवळजवळ नव्हताच. त्यानंतर वर्षभरात अमेरिकेच्या विमानतळांवर सर्वांग बघणारी यंत्रे झपाट्याने आली. त्यांचे दोन प्रकार होते. एक मिलिमीटर-तरंगांचे, म्हणजे आईभोवती फिरले त्या जातीचे. हे तरंग कापडातून आरपार जातात, पण ओलसर कातडीवर आपटून परत येतात. दुसरे क्ष-किरणांचे, मात्र दवाखान्यातल्यासारखे हाडांपर्यंत जाणारे नव्हे, तर अत्यंत मंद किरण अंगावर टाकून परतणाऱ्या किरणांवरून चित्र काढणारे. त्यांचा किरणोत्सर्ग फारच थोडा होता, विमान उंचावर गेल्यावर काही मिनिटांत आकाशातून मिळतो तेवढाच, तरी लोकांना त्याची भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा मोठी होती ती लाज. त्या काळातली चित्रे वर्तमानपत्रांत छापून आली होती, मीही पाहिली होती. खडूने घासून काढल्यासारखे माणसाचे अंग. कपडे गळून पडलेले, पोटाचा घेर, छातीचा उतार, सगळे जागच्या जागी.

तेव्हाची व्यवस्था अशी, की चित्र बघणारा कर्मचारी दूर एका बंद खोलीत बसे. त्याला प्रवासी दिसत नसे, आणि प्रवाशाजवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला चित्र दिसत नसे. दोघे एकमेकांशी यंत्रावरून बोलत. अंग एकाला आणि चेहरा दुसऱ्याला, अशी वाटणी. हा आडोसाच होता, कोणीतरी विचार करून उभा केलेला, आणि त्यामागचा हेतू वाईट नव्हता. तरी मला त्या खोलीतल्या माणसाचा विचार येतो. खिडकी नसलेल्या जागेत बसून दिवसभर अनोळखी, बिनचेहऱ्याची, उघडी अंगे एकामागून एक बघायची. आमच्या वाड्यातल्या माणसाला मान वळवायची मुभा होती. या माणसाला मान न वळवण्याचा पगार मिळत होता.

चित्रे साठवली जात नाहीत, असे तेव्हा वारंवार सांगितले गेले. एका नागरी हक्क संस्थेने कोर्टकचेरी करून कागदपत्रे मिळवली तेव्हा दिसले, की यंत्र विकत घेताना त्यात चित्र साठवायची आणि पुढे पाठवायची सोय असली पाहिजे, अशी अटच घातलेली होती. फक्त चाचणीपुरती, असा खुलासा झाला. त्याच वर्षी, २०१० मध्ये, फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारावर बसवलेल्या वेगळ्या जातीच्या यंत्रात सुमारे ३५,००० चित्रे साठून राहिल्याचे उघडकीला आले. ती चित्रे बरीच पुसट होती आणि ते यंत्र विमानतळावरचे नव्हते, हे खरे. पण 'साठवत नाही' या शब्दावर विश्वास ठेवून हात वर करणाऱ्या माणसाला त्याने काय दिलासा मिळणार? ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या विमानतळावर चाचणी सुरू झाली तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांना आधी वगळावे लागले, कारण लहान मुलाचे असे चित्र काढणे त्या देशाच्या कायद्यात बसते का, हाच प्रश्न उभा राहिला. मला हा तपशील फार बोलका वाटतो. म्हणजे मोठ्यांच्या बाबतीत ते चित्र काय होते, हे सगळ्यांना मनातून ठाऊक होते. आपल्याकडे त्या वेळी गाजले ते शाहरुख खान यांनी लंडनच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितलेले, की आपल्या सर्वांगचित्राचे छापील कागद विमानतळावरच्या मुलींच्या हातात पाहिले आणि आपण त्यावर सह्याही केल्या. असे कागद निघूच शकत नाहीत, असे विमानतळाने लगेच सांगितले. थट्टा असेल ती. पण त्या थट्टेवर हसताना आपण सगळे जरा चाचरलो होतो.

२०११ च्या जुलैत अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की या तपासणीने घटनेचा भंग होत नाही, पण लोकांचे म्हणणे ऐकून न घेता ती लागू करायला नको होती. युरोपीय संघाने त्याच वर्षाच्या अखेरीस क्ष-किरणांची यंत्रे बाद ठरवली. अमेरिकन संसदेने कायदाच केला, की माणसाचे अंग दाखवणारी चित्रे बंद करा आणि त्याऐवजी सगळ्यांसाठी एकच साधी आकृती दाखवा. मिलिमीटर-तरंगांच्या यंत्रांना ते जमले. क्ष-किरणांच्या यंत्रांना मुदतीत जमले नाही, म्हणून २०१३ च्या मध्यापर्यंत ती विमानतळांवरून काढून टाकण्यात आली. आता ते अंग कोणालाही दिसत नाही. यंत्र आपले आपण बघते, काही खटकले तर बाहुलीवर चौकोन काढते आणि बघितलेले टाकून देते. आईच्या वाट्याला आलेली बाहुली ती हीच. इतक्या लोकांनी भांडून, कोर्टात जाऊन, रांगेत अडून बसून मिळवलेला तो आडोसा आहे, हे मला तेव्हा ठाऊक असते तर मी तिला विमानात वेगळे उत्तर दिले असते का, कोण जाणे.

काढून टाकलेल्या यंत्रांपैकी पुष्कळशी पुढे तुरुंगांना देण्यात आली. त्यावर फारसे कोणी भांडले नाही.

पण बाहुली आली म्हणून हात थांबले नाहीत, आणि माझ्या मनातली खरी टोचणी तिथे आहे. यंत्राला बाकदार, पदर पडलेले, घडीदार काही आवडत नाही. घामाने ओला झालेला कपडा, जाड शिवण, खिशातला कागदी रुमाल, एवढ्यानेही चौकोन उमटतो. जर्मनीत हँबर्गच्या विमानतळावर २०१० पासून दहा महिने या यंत्रांची चाचणी झाली आणि कपड्यांच्या घड्यांवरून इतके खोटे इशारे आले, की त्या सरकारने तेव्हा तरी यंत्रे लावायचे थांबवले. साडी म्हणजे तर नुसत्या घड्याच. सहावार कापड, त्यातले निम्मे पोटाशी चुणून खोचलेले. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वेण्यांवर, शिखांच्या पगडीवर, अंबाड्यावर यंत्र अडते. ज्यांचे अंग कपाटातल्या नमुन्यासारखे आहे, पँट-शर्टात घट्ट बसलेले, ते सुळकन पार होतात. अगदी अलीकडेपर्यंत तर प्रवासी आत शिरला की तपासनिसाला गुलाबी किंवा निळे बटण दाबून बाई की पुरुष ते आधी ठरवावे लागे. ज्यांचे अंग एका बटणात बसत नाही त्यांच्या अंगावर चौकोन हमखास उमटे. बटण काढून टाकायचे २०२२ मध्ये जाहीर झाले. बाहुली सगळ्यांची एकच, हे मी आईला सांगितले ते खरेच होते. पण चौकोन सगळ्यांना सारखे मिळत नाहीत, हे सांगायचे राहून गेले.

डिसेंबर २०१० मध्ये भारताच्या अमेरिकेतल्या तेव्हाच्या राजदूत मीरा शंकर यांची मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर सगळ्यांसमोर अंगझडती घेण्यात आली. त्यांनी साडी नेसली होती. आपल्या सरकारने निषेध नोंदवला, वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आले. राजदूताला असे वागवतात म्हणजे काय, हा तेव्हाचा सूर होता, आणि मीही त्याच सुरात बोलले असणार. आज मला त्या सुराची जरा लाज वाटते. आईचा कुठे राजनैतिक पासपोर्ट होता? 'अंगझडती' हा मुळात पंचनाम्यातला शब्द. पंचांसमक्ष, चोराची घ्यायची असते ती. आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही अटक झालेल्या स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनतेचे काटेकोर भान ठेवून घ्यावी, असे लिहिलेले होते. तिकीट काढलेल्या कोणत्याही माणसाची झडती घेणे रोजचे झाले तेव्हा तो शब्द पाटीवर चालेना, म्हणून 'सुरक्षा तपासणी' आली. तोंडी मात्र माझी मावशी अजूनही म्हणते, "विमानात बसायच्या आधी झडती देऊन ये."

आपल्याकडे हे सगळे वेगळ्या रीतीने चालते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान कंदाहारला नेले गेले, त्यानंतर विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली, आणि तेव्हापासूनची आपली पद्धत म्हणजे कमान, हातातला डिटेक्टर आणि माणसाचा हात. एप्रिल २०१९ मध्ये देशातल्या ८४ अतिसंवेदनशील आणि संवेदनशील विमानतळांवर वर्षभरात सर्वांग-तपासणीची यंत्रे बसवावीत असा आदेश निघाला. मिलिमीटर-तरंगांचीच, आणि पडद्यावर फक्त बाहुली, हे त्यात आधीच ठरवलेले होते. दुसऱ्यांच्या भांडणाचा आपल्याला फुकट मिळालेला लाभ. ती मुदत मार्च २०२० ची होती आणि तेव्हा देशात विमानेच उडेनाशी झाली. त्यानंतरही मुदती पडल्या आणि उलटल्या. त्यामुळे अजून बहुतेक ठिकाणी पुरुष त्या लहानशा लाकडी चौथऱ्यावर चढतात, मुंजीतल्या बटूसारखे पाटावर उभे राहतात आणि सगळ्यांदेखत हात पसरतात. माझे वडील त्यावर चढले की पोट आत घेत. बायकांना मात्र पडद्याची खोपटी असते, तीन बाजूंनी कापडाची, तपासायला महिला जवान. बायकांची रांग त्यामुळे नेहमी लांब आणि संथ. नवरे पलीकडे ट्रेमधले सामान राखत, पट्टे चढवत, आत गेलेली बाई कधी बाहेर येते ते बघत उभे असतात. पुरुषांनाही आडोसा लागत असेल, हे आपण कधी विचारात घेतल्याचे मला दिसलेले नाही.

आणि पडदा असला म्हणून सगळे झाकले जाते असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नर्तिका आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रवासात आपल्याला कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, हे सांगताना त्यांचा आवाज थरथरत होता. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. त्यांच्यासारख्या माणसांसाठी यंत्र अधिक दयाळू ठरेल की हात, हे मला ठरवता येत नाही. यंत्र पाय काढायला सांगणार नाही. पण चौकोन काढून मोकळे होईल, आणि त्यापुढे जे काय करायचे ते पुन्हा माणसालाच करावे लागेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले, तेव्हा आम्ही घरी पेढे वाटले नव्हते, पण मी ती बातमी आईला वाचून दाखवली होती. ती म्हणाली होती, "म्हणजे आता न्हाणीघराला कडी बसणार."

मी प्रामाणिकपणे सांगायचे तर मला तपासणी हवी असते. विमानाची दारे बंद होताना आजूबाजूच्या अनोळखी चेहऱ्यांकडे बघून, यांनाही नीट चाचपले असेल ना, असा विचार माझ्या मनात येऊन गेलेला आहे, आणि तो येताना कोणाच्या चेहऱ्यावर माझी नजर जास्त वेळ रेंगाळली, हे मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्याचे सगळे दिसावे आणि आपले झाकलेले राहावे. त्या दिवशी काचेबाहेर उभी राहून आईचे उघडे पोट बघताना मला राग आला होता, पण तिच्या पुढच्या माणसाला, ढगळ अंगरख्यातल्या एका दाढीवाल्या म्हाताऱ्याला, त्याच खोक्यात दुसऱ्यांदा उभे केले तेव्हा मी फक्त घड्याळ बघितले होते.

परत आल्यावर महिन्याभराने मी आईला तिच्या प्रश्नाबद्दल पुन्हा विचारले. ती भाजी निवडत होती. तिला तो नीट आठवत होता. "तू म्हणालीस, ती मी नव्हते. मग मला का थांबवलं? आणि मी होते, तर मला दाखवायला हवी होती. एक्स-रे काढला की डॉक्टर आपल्याला दाखवतो." थोडा वेळ देठे मोडत राहून ती म्हणाली, "त्या बाईंचे हात मला चालले. तिने आधी विचारलं. यंत्राने विचारलं नाही." मी म्हटले, यंत्र कसे विचारणार. "मीसुद्धा त्या पावलांना विचारूनच उभी राहिले ना," ती म्हणाली आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही पुण्याहून नागपूरला विमानाने गेलो. दाराशी चेहरा दाखवून आत सोडणारे यंत्र होते. आईने त्याच्याकडे बघायलाच नकार दिला आणि कागदी तिकीट पुढे केले. आत बायकांची रांग नेहमीसारखी लांब. खोपटीचा पडदा मरून रंगाचा होता आणि त्याच्या वरच्या दोन-तीन कड्या तुटलेल्या होत्या, त्यामुळे एका बाजूने वीतभर फट राहत होती. आई आत गेली. मी तिच्या मागेच उभी होते. फटीतून आतले दिसू नये म्हणून मी मान वळवली, पण वळवता वळवता दिसलेच, की फटीपाशी आतून चार बोटे आली आहेत आणि त्यांनी पडद्याची कड ओढून घट्ट धरली आहे. आईच्या डाव्या हाताची बोटे, करंगळीशेजारी अंगठी रुतलेली. आतून हिंदीत आवाज आला, "माताजी, दोनों हाथ." बोटे हलली नाहीत. "माताजी, दोनों हाथ फैलाइए." माझ्या मागची मुलगी हसली. डिटेक्टरची एक बारीक किरकिर झाली, बांगड्यांवरून असावी, आणि मग काही क्षण काहीच ऐकू आले नाही. नंतर त्याच कडेवर, आईच्या बोटांच्या वरच्या बाजूला, खाकी बाहीतला एक दुसरा हात आला. त्याने पडदा धरला. तेव्हा आईची बोटे सुटली.